पहिल्यांदा समुपदेशनाला जाताना: एका शिक्षिकेच्या प्रश्नांना उत्तर

सांगली जिल्ह्यातील एका माध्यमिक शाळेत शिकवणाऱ्या, चौतीस वर्षांच्या बाईंनी विचारलेले प्रश्न थोडक्यात असे आहेत. गेले सहा-सात महिने त्यांना पहाटे तीनच्या सुमारास जाग येते आणि मग झोप लागत नाही. शाळेत निघताना छातीत धडधडते, वर्गात मध्येच हातपाय गार पडतात. ईसीजी आणि टूडी इको दोन्ही व्यवस्थित आले, तेव्हा फॅमिली डॉक्टरांनी ‘एकदा समुपदेशकाला भेटून या’ असे सुचवले. आता तिथे नेमके काय विचारतील, सगळे सांगावेच लागेल का, गोळ्या सुरू करतील का, किती दिवस जावे लागेल, ही गोष्ट शाळेत किंवा गावात फुटेल का आणि नवऱ्याला सांगून जावे की न सांगता, हे त्यांना जाणून घ्यायचे आहे.

तुम्ही न विचारलेल्या एका प्रश्नापासून सुरुवात करते, कारण बाकीची बरीच उत्तरे त्याच्यावर अवलंबून आहेत. तो प्रश्न म्हणजे, जायचे कोणाकडे? आपल्याकडे ‘समुपदेशन केंद्र’ या पाटीमागे फार वेगवेगळ्या शिक्षणाची माणसे काम करत असतात. मानसोपचारतज्ज्ञ हे एमबीबीएस झाल्यावर मानसोपचार या विषयात एमडी, डीएनबी किंवा डीपीएम केलेले डॉक्टर असतात आणि औषधे लिहून देणे हे त्यांचे काम आहे. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, म्हणजे चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ, हे मानसशास्त्रात पदव्युत्तर शिक्षण घेऊन पुढे रुग्णालयात प्रत्यक्ष प्रशिक्षण घेतलेले असतात. त्यांना भारतीय पुनर्वसन परिषदेकडे नोंदणी करावी लागते, आणि तो नोंदणी क्रमांक तुम्ही निःसंकोच विचारू शकता. समुपदेशक हे बहुधा मानसशास्त्रातील एम.ए. किंवा समुपदेशनाची पदविका घेतलेले असतात. यांच्यासाठी तशीच सक्तीची नोंदणी अजून सर्वत्र रुळलेली नाही. २०२१ च्या आरोग्य क्षेत्रातील सहयोगी व्यावसायिकांसाठीच्या कायद्याने त्यांनाही चौकटीत आणण्याची सुरुवात केली आहे. म्हणून समुपदेशकाच्या बाबतीत शिक्षण कुठे झाले, कोणाच्या देखरेखीखाली काम केले आणि चिंतेच्या तक्रारी असलेल्या किती व्यक्तींबरोबर काम करतात, एवढे फोनवरच विचारावे. चांगल्या माणसाला या प्रश्नांचा राग येत नाही. येत असेल, तर तेवढ्यावरून निर्णय घ्यायला हरकत नाही.

तुमच्या लक्षणांवरून मला असे सुचवावेसे वाटते की, जाण्यापूर्वी डॉक्टरांकडून थायरॉइडची तपासणी, हिमोग्लोबिन आणि जीवनसत्त्व बी-१२ एवढे करून घ्यावे, आधीच झाले असेल तर कागद बरोबर न्यावेत. थायरॉइडचे काम वाढले असेल तर धडधड, हात कापणे आणि झोप उडणे हे सगळे चिंतेसारखेच दिसते, आणि अशा वेळी कितीही चांगले समुपदेशन केले तरी मूळ कारण तसेच राहते. तुमच्या डॉक्टरांनी हृदय आधी तपासले हे योग्यच केले.

आता पहिली भेट. ती साधारण पाऊण तास ते सव्वा तास चालते, आणि बहुतेकांनी कल्पना केलेली असते त्यापेक्षा बरीच रुक्ष असते. आडवे पडायचा कोच नसतो, डोळे मिटून बालपणात जायचे नसते. दोन खुर्च्या, मध्ये कदाचित एक टेबल, पाण्याचा पेला आणि रुमालांचा डबा. आधी एक फॉर्म भरून घेतात: नाव, वय, सुरू असलेली औषधे, तातडीच्या वेळी कोणाला कळवायचे त्यांचा फोन. त्यानंतर संमतीपत्र असते, ज्यात फी, भेटीचा कालावधी, भेट रद्द करायची असल्यास किती आधी कळवायचे आणि गोपनीयतेचे नियम लिहिलेले असतात. हे संमतीपत्र सहीपुरते समोर सरकवले गेले, तर ‘मला वाचायला दोन मिनिटे द्या’ असे म्हणावे.

मग प्रश्न सुरू होतात. त्रास कधी सुरू झाला, त्या सुमारास घरात किंवा शाळेत काय बदलले होते, रविवारी आणि मे महिन्याच्या सुट्टीत तो कमी असतो का, पहाटे जाग आल्यावर पहिला विचार कोणता येतो, त्या वेळी तुम्ही अंथरुणात पडून राहता की उठून कामाला लागता. भूक, वजन, मासिक पाळी, दिवसाला चहा किती. मिश्री लावता का, हेही विचारतील आणि विचारायला हवे. आपल्या भागात अनेक बायका ती लावतात, पण तंबाखू म्हणून कोणी मोजत नाही, आणि निकोटिनने छातीतली धडधड वाढते. माहेरी किंवा भावंडांत कोणाला असा त्रास होता का, पूर्वी कधी असे झाले होते का, एवढे झाले की घरातील माणसे, नोकरी, कर्ज, मुले यांविषयी थोडे थोडे. पहाटे जाग येऊन पुन्हा झोप न लागणे चिंतेत दिसते तसे नैराश्यातही दिसते, त्यामुळे रडू येते का, कशात रस वाटतो का, हे प्रश्नही येतील. काही जण त्यासाठी छापील प्रश्नावली देतात. पीएचक्यू-९ ही त्यांतली सर्वाधिक वापरली जाणारी; तिच्यात गेल्या दोन आठवड्यांविषयी नऊ प्रश्न असतात, प्रत्येकाला शून्य ते तीन गुण आणि एकूण २७. हे गुण म्हणजे निदान नव्हे. पुढे महिन्या-दीड महिन्याने तीच प्रश्नावली पुन्हा भरून सुधारणा मोजता येते, हा तिचा मोठा उपयोग आहे.

एक प्रश्न ऐकून अनेक जणी दचकतात: ‘जगू नये असे कधी मनात येते का?’ हा प्रश्न तुमची अवस्था वाईट दिसते म्हणून विचारलेला नसतो. तो प्रत्येकाला विचारायचा असतो. विचारल्याने असा विचार मनात रुजतो ही समजूत चुकीची आहे. उत्तर होकारार्थी असेल तर ते तसेच सांगावे. असा विचार येतो आणि जातो, की मार्गही ठरवलेला आहे, यात फार मोठा फरक असतो आणि पुढचे पाऊल त्यावरून ठरते. पहिल्या भेटीपूर्वीच असे विचार बळावले तर दिवस मोजत बसू नये. केंद्र सरकारची टेली-मानस ही सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास, विनाशुल्क आणि मराठीतून उपलब्ध आहे, ती १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे.

सगळे सांगावेच लागेल का, याचे उत्तर नाही असे आहे. पहिल्या भेटीत तर मुळीच नाही. ‘या विषयावर मला आज बोलायचे नाही’ हे वाक्य समुपदेशनाच्या खोलीत पूर्ण उत्तर म्हणून चालते. मात्र दोन गोष्टी लपवू नयेत असे माझे मत आहे: घेत असलेली औषधे आणि व्यसने, आणि स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करण्याचे विचार. कारण या दोन्हींवर उपचारांची सुरक्षितता अवलंबून असते. उरलेले कधी सांगायचे, याचा वेग तुमचा. कोणी पहिल्याच भेटीत एखादी जुनी, वेदनादायक घटना तपशिलात सांगण्याचा आग्रह धरला, तर तो आग्रह तुम्ही मोडू शकता. अनुभवी उपचारक अशा घटनांना हात घालण्यापूर्वी तुमची झोप, तुमचा दिनक्रम आणि घरातला आधार थोडा बसता करून घेतात.

आता गोपनीयता. तुमची सगळ्यात मोठी धास्ती हीच दिसते, म्हणून इथे थोडे थांबते. २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा २९ मे २०१८ पासून लागू झाला, आणि त्याने उपचार घेणाऱ्या व्यक्तीला गोपनीयतेचा हक्क स्पष्ट शब्दांत दिला आहे. त्याला मोजके अपवाद आहेत. तुमच्या किंवा दुसऱ्याच्या जिवाला धोका असेल, न्यायालयाने आदेश दिला असेल किंवा तुमच्यावर उपचार करणाऱ्या दुसऱ्या डॉक्टरांना उपचारांसाठी माहिती देणे गरजेचे असेल, तर आवश्यक तेवढीच माहिती देता येते. आणखी एक अपवाद वेगळ्या कायद्यातून येतो, आणि तुम्ही शिक्षिका असल्यामुळे तो तुम्हाला माहीत असेल: अल्पवयीन मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचे कळले, तर २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार ते पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे, समुपदेशकालाही. हे अपवाद पहिल्याच भेटीत, तुम्ही काही सांगायच्या आधी, तुम्हाला समजावून सांगितले गेले पाहिजेत.

प्रत्यक्षात मात्र प्रश्न कायद्याचा कमी आणि गावाचा जास्त असतो. नवरा किंवा सासरे फोन करतात, ‘कशी आहे आमच्याकडची? काही विशेष?’ समुपदेशकाचे उत्तर असे हवे: ‘माझ्याकडे कोण येते याबद्दल मी कोणाशीच बोलत नाही, तुम्हाला काही काळजी असेल तर ती तुम्ही त्यांच्याशीच बोला.’ येता की नाही, हेसुद्धा सांगायचे नसते. तुम्ही बाजारात भेटलात तर समुपदेशक आपणहून ओळख दाखवणार नाही. त्याला शिष्टपणा समजू नका. तुम्ही हसलात तर तोही हसेल, आणि तेवढ्यावर थांबेल. मिरज-सांगलीसारख्या ठिकाणी प्रतीक्षाकक्षात एखाद्या विद्यार्थ्याची आई भेटू शकते, म्हणून दोन भेटींच्या मध्ये अंतर ठेवतात का, हे आधीच विचारावे. तालुक्याच्या गावी हे जमणारे नसेल तर शेजारच्या शहरात जाणे किंवा ऑनलाइन भेट घेणे हा काही पळपुटेपणा नाही.

शाळेबद्दल सांगायचे, तर खासगी समुपदेशकाने तुमच्या संस्थेला किंवा शिक्षण विभागाला कळवावे अशी कोणतीही व्यवस्था अस्तित्वात नाही. कागद तिथे पोहोचतो तो तुमच्याच हातून: वैद्यकीय रजेचा दाखला किंवा वैद्यकीय खर्चाच्या परताव्याचा अर्ज. त्यावर निदान काय लिहिले जाईल, हे दाखला घेण्याआधी विचारून घ्यावे. पूर्वी कधी उपचार घेतले एवढ्यावरून एखाद्या व्यक्तीला आज मानसिक आजार आहे असे ठरवता येणार नाही, हेही २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात नमूद आहे.

पहिल्या दोन-तीन भेटींनंतर जी गोष्ट सगळ्यांना खटकते, ती अशी: ‘मी सगळे सांगितले, पण त्यांनी काय करायचे ते सांगितलेच नाही.’ आपल्याकडे अडचण सांगितली की वडीलधारी माणसे सल्ला देतात, आणि समुपदेशकही तेच करेल अशी अपेक्षा असणे साहजिक आहे. ‘सासूबाईंशी असे वागा’, ‘नोकरी सोडा’, ‘दुर्लक्ष करा’ असे सल्ले तुम्हाला तिथे बहुधा मिळणार नाहीत, आणि ते मिळू लागले तर मला जरा काळजी वाटेल. त्याऐवजी तुमच्या त्रासाची एक मांडणी तुमच्यासमोर ठेवली जाईल आणि ती तुम्हाला पटते का, हे विचारले जाईल. ती पटल्यावर मग काय बदलायचे, कोणत्या क्रमाने, आणि बदलले हे कशावरून ओळखायचे, हे दोघांनी मिळून ठरवायचे असते. एडवर्ड बॉर्डिन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९७९ मध्ये या नात्याचे तीन घटक सांगितले: उद्दिष्टाविषयी एकमत, करायच्या कामांविषयी एकमत आणि परस्परांविषयी विश्वास. त्यानंतर झालेल्या भरपूर संशोधनात हे नाते कसे जुळले यावरून उपचारांच्या फळाचा अंदाज येतो, असे पुन्हा पुन्हा दिसले आहे. त्यातली पहिली दोन एकमते गप्प बसून होत नाहीत.

तुमच्यासारख्या तक्रारींसाठी बहुधा बोधात्मक वर्तनोपचार, ज्याला सगळे सीबीटी म्हणतात, किंवा त्याच कुळातील विवेकनिष्ठ उपचारपद्धती वापरली जाईल. पहिलीची मांडणी अ‍ॅरन बेक यांनी १९६० च्या दशकात केली, दुसरीची अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास. आपल्याकडे ती मराठी वाचकांपर्यंत प्रा. कि. मो. फडके यांनी पोहोचवली, त्यामुळे तुम्ही तिच्याविषयी वाचलेही असेल. काम कसे चालते ते एका उदाहरणाने सांगते. तुम्हाला एक वही करायला सांगतील. समजा, तिसऱ्या तासाला शिपाई येऊन सांगतो की मुख्याध्यापकांनी बोलावले आहे. वहीच्या पहिल्या रकान्यात तेवढेच लिहायचे: ‘मुख्याध्यापकांचा निरोप.’ दुसऱ्यात त्या क्षणी डोक्यात आलेला विचार, जसा आला तसा: ‘माझ्याविरुद्ध कोणीतरी तक्रार केली.’ तिसऱ्यात शरीरात आणि मनात काय झाले: धडधड, भीती, शंभरपैकी ऐंशी. चौथ्यात तुम्ही काय केले: बाकावर बसून पाणी प्यायलात आणि पाच मिनिटे उशिरा गेलात. पाचवा रकाना काही तासांनी भरायचा: प्रत्यक्षात काय निघाले? स्नेहसंमेलनाच्या सूत्रसंचालनाविषयी विचारायचे होते. अशा नोंदी जमल्या की पुढच्या भेटीत कोणी तुम्हाला ‘सकारात्मक विचार करा’ असे सांगत नाही. तुमच्याच नोंदी पुढे ठेवून विचारले जाते की, निरोप आला की तक्रारच असणार, हा अंदाज किती वेळा खरा ठरला. आणि एखाद्या वेळी तो खरा ठरला तेव्हा तुम्ही ते कसे निभावले.

याच्या जोडीला शरीराचे काम असते. धडधड झाली की आपल्याला काहीतरी होणार, असे वाटून श्वास जलद होतो, जलद श्वासाने हातपाय गार पडतात आणि मुंग्या येतात, त्या मुंग्यांनी भीती आणखी वाढते. हे चक्र समजावून सांगतात आणि भेटीतच मुद्दाम जिना चढायला किंवा जलद श्वास घ्यायला लावून ती संवेदना धोक्याची नाही हे अनुभवायला देतात. मग टाळणे कमी करायचे. तुम्ही अलीकडे एखादा वर्ग सहकाऱ्याला घ्यायला सांगत असाल, परिपाठात बोलणे टाळत असाल, पाण्याची बाटली किंवा एखादी गोळी पर्समध्ये असल्याशिवाय बाहेर पडत नसाल, तर या गोष्टींची सोप्याकडून अवघडाकडे यादी करून एकेक सोडायची असते. खोलीतल्या एका तासात बरे वाटते, पण फरक पडतो तो दोन भेटींच्या मधल्या दिवसांत केलेल्या कामाने. गृहपाठ झाला नाही तर भेट रद्द करू नये, ‘झाला नाही’ असे सांगून जावे. का झाला नाही यातच अनेकदा पुढचा धागा सापडतो. शिक्षिकांना हे विशेष जड जाते, असे मी पाहिले आहे. अपुरी वही घेऊन समोर बसायची त्यांना सवय नसते.

किती दिवस लागतील, हे पहिल्या फोनवर कोणीही प्रामाणिकपणे सांगू शकत नाही, पण अंदाज देता येतो. केनेथ हॉवर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८६ मध्ये आधीच्या अनेक अभ्यासांतील आकडेवारी एकत्र करून पाहिली, तेव्हा आठ भेटींच्या आसपास सुमारे निम्म्या लोकांत आणि सव्वीस भेटींपर्यंत सुमारे तीन चतुर्थांश लोकांत सुधारणा दिसली. गोव्यात संगात या संस्थेने प्राथमिक आरोग्य केंद्रांत नैराश्यासाठी जो उपक्रम राबवला, त्यात खास प्रशिक्षण दिलेल्या स्थानिक समुपदेशकांनी सहा ते आठ भेटींचा आखीव कार्यक्रम घेतला आणि त्याचा उपयोग झाल्याचे निष्कर्ष २०१७ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आले. चिंतेच्या तुमच्यासारख्या तक्रारीत आठवड्याला एक याप्रमाणे आठ ते पंधरा भेटी गृहीत धराव्यात. बालपणापासूनचा छळ, दीर्घकाळचे नैराश्य, पुन्हा पुन्हा तुटणारी नाती असे काही असेल तर काम बरेच लांबते. चार-पाच भेटी झाल्या की थांबून आढावा घ्यावा: ठरवले होते त्यातले काय हलले? काहीच हलले नसेल तर पद्धत बदलायची, औषधांचा विचार करायचा, की माणूस बदलायचा, हे त्याच खोलीत बोलले गेले पाहिजे.

सुधारणा सरळ रेषेत होत नाही, हे आधीच कळलेले बरे. काही भेटींनंतर डोके जड होते, एक-दोन दिवस उगाच रडू येते, झोप आणखी बिघडते. दाबून ठेवलेले बोलले गेले की असे होऊ शकते आणि ते ओसरते. दोन-तीन आठवडे सलग त्रास वाढतच गेला तर मात्र तो उपचारांचाच भाग म्हणून सोसत राहू नये, सांगावे. भेटीची वेळ ठरवताना हे लक्षात ठेवा: भेटीनंतर तासाभरात वर्गावर उभे राहायचे असेल अशी वेळ घेऊ नका. शनिवारी सकाळची शाळा असेल तर दुपारची वेळ तुम्हाला सोयीची पडेल.

गोळ्यांविषयी. समुपदेशक किंवा मानसशास्त्रज्ञ गोळ्या लिहून देऊ शकत नाहीत. गरज वाटली तर ते मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवतात, आणि असे पाठवणे म्हणजे तुमची केस हाताबाहेर गेली असे नाही. झोप पूर्ण उडाली असेल, कामावर जाणे बंद पडले असेल, आत्महत्येचे विचार येत असतील किंवा समुपदेशनाचा गृहपाठ करण्याइतकीही ताकद उरली नसेल, तर औषधे आधी आणि बोलणे बरोबरीने, असा क्रम योग्य ठरतो. चिंता आणि नैराश्य या दोन्हींवर दिल्या जाणाऱ्या नेहमीच्या औषधांचा परिणाम दिसायला साधारण दोन ते चार आठवडे, कधी सहा आठवडेही लागतात, आणि सुरुवातीच्या काही दिवसांत मळमळ किंवा अस्वस्थता वाढू शकते. या काळातच बरेच जण ती सोडून देतात. या औषधांची सवय लागते अशी भीती घरोघरी आहे. ती खरी ठरते वेगळ्या गोळ्यांच्या बाबतीत: अल्प्राझोलामसारख्या झटपट शांत करणाऱ्या गोळ्या, ज्या शेजारणीकडूनही मिळतात आणि जुन्या चिठ्ठीवर पुन्हा पुन्हा आणल्या जातात. त्या महिनोन् महिने स्वतःच्या मनाने घेऊ नयेत, आणि घेत असाल तर एकदम बंदही करू नयेत. दोन्ही गोष्टी डॉक्टरांना विचारूनच.

माणूस पटला नाही तर? पहिल्या भेटीतला अवघडलेपणा हे कारण पुरेसे नाही, तो जवळजवळ सर्वांना वाटतो. दोन-तीन भेटी द्याव्यात. त्यानंतरही तुमचे बोलणे मध्येच तोडले जाते, गेल्या वेळी सांगितलेले लक्षात राहत नाही, तुमच्या जातीवरून, माहेरावरून किंवा मूल किती यावरून शेरे मारले जातात असे वाटले, तर आधी ते बोलून पाहावे. ‘गेल्या वेळचे तुमचे बोलणे मला लागले’ हे वाक्य उच्चारणे अवघड असते, पण उपचारकाने त्यावर कसा प्रतिसाद दिला, यावरून पुढे जायचे की नाही ते बरेचसे कळते. आमच्या कामात बिघाड होतो तो बहुतेक वेळा इथेच: माणूस दुखावतो, काही बोलत नाही, पुढची वेळ घेतो आणि येतच नाही. मग ‘समुपदेशनाने मला काही फरक पडला नाही’ एवढेच त्याच्याजवळ उरते. काही गोष्टी मात्र बोलून पाहण्याच्याही पलीकडच्या आहेत. शरीराला अनावश्यक स्पर्श, खोलीबाहेर मैत्री किंवा जवळीक करण्याचा प्रयत्न, पैसे उसने मागणे, पूर्ण बरे करण्याची हमी, चालू औषधे परस्पर बंद करायला सांगणे, ताईत-अंगारा किंवा स्वतःची उत्पादने विकणे: यांपैकी काहीही झाले तर तिथे पुन्हा जाऊ नका.

खर्चाबद्दल थोडक्यात. खासगी समुपदेशनाची फी शहरागणिक आणि व्यक्तीगणिक काही शे रुपयांपासून दोन-अडीच हजारांपर्यंत असते. अनेक जण परिस्थितीनुसार सवलत देतात, पण ती विचारावी लागते. जिल्हा रुग्णालयात जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचे पथक असते आणि तिथे मानसोपचारतज्ज्ञ भेटतात. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून केसपेपरसह उपचार मोफत आहेत. गर्दी असते, सलग तासभर बोलणे तिथे क्वचित मिळते, तरी निदान आणि औषधांसाठी ती जागा चांगली. आरोग्य विम्यात मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखेच स्थान देणे २०१७ च्या कायद्याने विमा कंपन्यांवर बंधनकारक केले आहे, पण बहुतेक पॉलिसी रुग्णालयात दाखल झाल्यावरच पैसे देतात, त्यामुळे आठवड्याच्या भेटींची भरपाई मिळेल असे धरून चालू नका. ऑनलाइन भेट तुमच्या तक्रारींसाठी चालण्यासारखी आहे. अट एकच, घरात दार लावून बसता येईल अशी खोली आणि तासभर निवांतपणा हवा. स्वयंपाकघरात मोबाइल उभा करून हे काम होत नाही.

शेवटचा प्रश्न नवऱ्याला सांगण्याचा. तुम्ही सज्ञान आहात, संमती तुमची एकटीची पुरते, आणि कोणताही समुपदेशक ‘मिस्टरांना घेऊन या, मग बघू’ असे म्हणू शकत नाही. सांगावे की नाही, हे घरातल्या वातावरणावर ठरवा. मारहाण, पाळत, मोबाइल तपासणे असे काही घरात असेल तर आधी समुपदेशकाशी बोला आणि मग ठरवा. घाई करू नका. तसे काही नसेल, तर सांगणे सोपे जाते असा माझा अनुभव आहे, कारण दर आठवड्याला दीड-दोन तास आणि काही रक्कम कुठे जाते हे लपवण्याचा ताण स्वतःच एक नवे दुखणे होऊन बसतो. सगळे सांगायची गरज नसते. ‘हृदय ठीक आहे, पण झोप आणि धडधड यासाठी डॉक्टरांनी आठवड्यातून एकदा जायला सांगितले आहे, दोन-तीन महिने लागतील’ एवढे पुरे. तिथे काय बोलणे झाले, असे त्यांनी विचारले तर ‘ते मला अजून सांगता येणार नाही’ असे म्हणावे. पुढे कधी एका भेटीला त्यांना बोलवावे असे तुम्हाला वाटले, तर त्यांच्यासमोर काय बोलायचे आणि काय नाही, हे समुपदेशकाबरोबर आधी ठरवून घ्या. नात्याचेच काम करायचे ठरले तर त्यासाठी बहुधा दुसऱ्या व्यक्तीकडे पाठवतील, कारण एकाच समुपदेशकाने तुमचे एकटीचे आणि दोघांचेही काम बघणे अडचणीचे होते. वेळ घेण्यासाठी पहिला फोन कराल तेव्हाच सांगून ठेवा की निरोप कोणत्या नंबरवर पाठवायचा, फोन किती वाजता केलेला चालेल आणि दुसऱ्या कोणी उचलला तर फक्त ‘पुन्हा करतो’ म्हणून ठेवून द्यावा.